दर हजार मैलांना एकदा: मालट्रकच्या वंगणाचे वेळापत्रक कसे घडले

मालट्रकला वंगण कधी द्यावे या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे. सुरुवातीच्या ट्रकवर काही जागी रोज हात फिरवावा लागे. पुढे पाचशे मैल, मग हजार मैल, मग पाच हजार किलोमीटर असे टप्पे आले. आजच्या मोठ्या ट्रकचे इंजिन ऑइल लाखाच्या घरातील किलोमीटर झाल्यावर बदलले तरी चालते. हे आकडे कारखानदारांच्या मर्जीने वाढत गेले नाहीत. ग्रीस कोणत्या साबणापासून बनते, डिझेलमध्ये गंधक किती, रस्त्यावर धूळ किती आणि गाडी कोणाच्या मालकीची, यावर ते ठरत आले आहेत. नियमित देखभालीचा इतिहास सहसा यंत्राच्या इतिहासात तळटीप म्हणून येतो. वास्तविक ट्रक किती वर्षे चालला आणि मालकाला त्यातून काही उरले का, हे बहुतेक वेळा याच तळटिपेने ठरवले आहे.

ट्रकच्या आधी मालवाहतूक बैलगाडीवर होती आणि तिलाही वंगण लागे. दख्खनच्या रस्त्यांवर गाडीवान एरंडेलात जळक्या चिंध्यांची किंवा काडाची काजळी कालवून ते आखाला लावत. वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. वेळापत्रक कानावर होते, चाक करकरू लागले की गाडी थांबवायची, कुणी म्हणजे चाकाची खीळ काढायची, चाक थोडे बाहेर ओढायचे आणि आखाला वंगण फासायचे. ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने चालणाऱ्या लाकडी चाकाला ही पद्धत पुरेशी होती, कारण आवाज येणे आणि नुकसान होणे यांत बराच वेळ जाई. मोटारीत तो अवकाश उरला नाही. बेअरिंगचा आवाज कानावर पडेपर्यंत त्याचा पृष्ठभाग बिघडलेला असतो. म्हणून मोटारीच्या जमान्यात लक्षण दिसण्याआधी, मोजलेल्या अंतरावर वंगण देणे भाग पडले. नियोजित देखभालीची कल्पना रस्त्यावर आली ती अशी.

खनिज तेलाचा व्यापारही जनावरांच्या वाहतुकीपासूनच सुरू झाला. अमेरिकेत रॉचेस्टर येथे १८६६ मध्ये स्थापन झालेली व्हॅक्यूम ऑइल कंपनी आरंभी घोड्यांच्या चामडी सामानासाठी तेल विकत असे. पुढे याच कंपनीचे मोबिलऑइल मोटारींसाठी जगभर गेले आणि भारतातल्या गॅरेजांत इंजिन ऑइलला सरसकट ‘मोबिल’ म्हणण्याची सवय पडली. कोणत्या गाडीला कोणत्या दर्जाचे तेल घालावे याचे तक्ते ही कंपनी छापून वाटत असे. वंगणाचे ज्ञान कारागिराच्या अनुभवातून कागदावर येण्याची ही सुरुवात होती. तेलाचा घट्टपणा क्रमांकाने सांगण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, १९११ मध्ये ठरवली आणि मग तक्त्यावर ‘३०’ किंवा ‘४०’ एवढेच लिहून भागू लागले.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीची सूचना-पुस्तिका या काळाचे चांगले उदाहरण आहे. १९१७ मध्ये आलेला फोर्डचा एक टनी टीटी ट्रक याच गाडीच्या इंजिनावर चाले. नव्या गाडीचे तेल पहिल्या ४०० मैलांनंतर आणि पुढे दर ७५० मैलांनी, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरनी, काढून टाकावे असे पुस्तिकेत सांगितलेले होते. हे अंतर आज फारच थोडे वाटते. त्या इंजिनात तेल गाळणारा फिल्टर नव्हता आणि रस्त्यावरची धूळ हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जाई. न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली उतरून तेल पातळ करी. फिरत्या भागांनी उडवलेल्या शिंतोड्यांवरच बहुतेक वंगण अवलंबून असल्याने पातळ आणि मळके तेल लगेच झीज वाढवी. अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला, त्यानंतरच अंतर वाढवण्याचा विचार शक्य झाला.

इंजिनापेक्षा खालच्या सांगाड्याचे काम अधिक किचकट होते. स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल पिन, पुढच्या चाकांचे किंगपिन, स्टिअरिंगचे सांधे, क्लचचा शाफ्ट, ब्रेकचे कॅम, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस अशा कितीतरी जागी धातू धातूवर घासतो. आरंभीच्या ट्रकवर अशा प्रत्येक जागी ग्रीसने भरलेली छोटी पितळी वाटी असे. चालकाने तिचे फिरकीचे झाकण रोज थोडे पिळायचे, म्हणजे ग्रीस आत दाबले जाई. एखादी वाटी राहिली किंवा झाकण रस्त्यात पडले तर तो सांधा कोरडा राही. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिकागोमध्ये आर्थर गुलबोर्ग यांनी यावर उपाय काढला. वडिलांच्या ओतकामाच्या कारखान्यात यंत्रांना वंगण देण्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी त्यांनी दाबाने ग्रीस भरणारी पिचकारी आणि तिला जोडणारे तोंड तयार केले. त्यातून अलेमाइट ही पद्धत उभी राहिली. ऑस्ट्रियात जन्मलेले ऑस्कर झर्क यांनी पुढे अधिक साधे, गोल माथ्याचे तोंड बनवले आणि १९२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. भारतातल्या गॅरेजात ज्याला नुसते ‘निपल’ म्हणतात ते हेच, आणि त्याच्या मूळ रचनेत आजही फारसा फरक पडलेला नाही.

ग्रीस गनमुळे वंगण देण्याचे स्वरूपच बदलले. वाटीतून ग्रीस फक्त आत मुरे, गनमधून ते दाबाने जाई. नवे ग्रीस आत शिरताना जुने, वाळूने आणि लोखंडाच्या चुऱ्याने काळे झालेले ग्रीस सांध्याच्या कडेने बाहेर येते. म्हणजे ग्रीसिंग हे घसरणीसाठी जितके, तितकेच धुण्यासाठी आणि बाहेरची धूळ रोखणारी कड तयार करण्यासाठी असते. स्वच्छ ग्रीस कडेला दिसेपर्यंत गन मारायची हा नियम त्यातूनच आला. किंगपिनच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पुढचा आक्सल जॅकवर उचलून ग्रीस दिले तरच वजन पेलणाऱ्या बाजूला ते पोहोचते. चाके जमिनीवर असताना दिलेले ग्रीस सोपी वाट धरते आणि जिथे त्याची खरी गरज आहे ती बाजू कोरडी राहते. पिट किंवा रॅम्पवर गाडी घेऊन घाईत केलेल्या कामात हेच होते.

तरीही दर काही शे मैलांनी ग्रीस का द्यावे लागे, याचे कारण खुद्द ग्रीसमध्ये होते. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. त्या काळी दोन प्रकार मुख्य होते. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे. पण तापले की त्याची जाळी मोडून ते पातळ होई, त्यामुळे ते पाट्यांच्या पिनांना चाले, चाकांच्या हबमध्ये चालत नसे. सोडियमच्या साबणाचे ग्रीस उष्णता सोसे, म्हणून हबसाठी तेच वापरत, पण पाण्यात ते विरघळून जाई. ज्या देशात चार महिने पाऊस पडतो आणि ओढ्यानाल्यांतून गाडी पाण्यात उतरते, तिथे या दुसऱ्या उणिवेची किंमत फार मोठी होती. पावसाळ्यात हबचे ग्रीस धुऊन गेले की बेअरिंग गरम होई, हब पेट घेई किंवा चाक जाम होऊन गाडी भररस्त्यात बसे. क्लॅरन्स अर्ल यांनी १९४२ मध्ये लिथियम साबणाच्या ग्रीसचे पेटंट मिळवले, आणि पाणी व उष्णता दोन्ही सोसणारे एकच ग्रीस प्रथमच हाती आले. युद्धानंतरच्या दशकात ते रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचले. ट्रकच्या देखभालीत एका संशोधनाने इतका फरक दुसऱ्या कोणत्या बाबतीत पडला असेल असे वाटत नाही.

दर हजार मैलांना ग्रीसिंग हा नियम अमेरिकेत १९३० ते १९५० च्या दशकांत रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने त्याला शिस्तीचे रूप दिले. गाडी सुरू करण्याआधी, चालू असताना, थांब्यावर आणि काम संपल्यावर चालकाने काय पाहायचे हे ठरलेले होते. त्यानंतर दर १,००० मैल आणि दर ६,००० मैलांच्या तपासण्या पथकाच्या कारागिरांकडे असत. प्रत्येक वाहनाचा छापील वंगण-तक्ता असे आणि त्यावर कोणत्या निपलला कोणते वंगण, किती अंतरावर हे चित्रासह दाखवलेले असे. ही शिस्त मोडली की काय होते हेही त्याच युद्धात दिसले. फ्रान्समध्ये २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात चाललेल्या रेड बॉल एक्सप्रेस या पुरवठा मार्गावर हजारो ट्रक अहोरात्र धावले. मालाची निकड इतकी होती की देखभालीसाठी गाडी उभी करणे चैनीचे वाटू लागले. गाड्यांवर मर्यादेपेक्षा अधिक भार चढला, टायर आणि इंजिने संपली, आणि काही आठवड्यांतच दुरुस्तीच्या प्रतीक्षेतील ट्रकांची संख्या वाढत गेली. देखभालीचा दिवस वाचवून वाहतुकीचे दिवस मिळत नाहीत याचा इतका मोठा पुरावा क्वचितच सापडतो.

भारतात ट्रक बनू लागले ते आधी जोडणीच्या रूपाने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. फोर्डची भारतीय कंपनीही याच दशकात निघाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बनू लागले. युद्धकाळात लष्करासाठी हजारो भारतीय चालक आणि फिटर तयार झाले. वाहनांची आणि यंत्रांची देखभाल करणारा लष्कराचा स्वतंत्र विभाग, आजची ईएमई कोअर, ऑक्टोबर १९४३ मध्ये उभा राहिला. युद्ध संपल्यावर लष्कराचे ‘डिस्पोजल’चे ट्रक लिलावात निघाले आणि लष्करातून परतलेले कितीतरी चालक त्यांचे मालक बनले. गाडीबरोबर वंगणाच्या तक्त्याची थोडीफार सवयही खासगी वाहतुकीत आली.

त्याच सुमारास, डिसेंबर १९४३ मध्ये, नागपुरात देशभरातील मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली. ती नागपूर योजना म्हणून ओळखली जाते. डांबरी रस्ते मात्र हळूहळू आले. तोपर्यंत मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्यांवरची धूळ पाट्यांच्या पिनांत, ब्रेकच्या कॅममध्ये आणि क्रॉसच्या खाचांत जात राहिली. विदेशी पुस्तिकांतले अंतर इथे तसेच लागू पडत नसे आणि अनुभवी चालक त्याच्या निम्म्यावरच ग्रीस मारत.

जमशेदपूरच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली. १९५५ मध्ये अशोक लेलँड आली. टेल्कोच्या ट्रकवर १९६९ पर्यंत बेंझची तीन टोकांची चांदणी होती. या डिझेल ट्रकांनी पेट्रोलच्या गाड्या पार मागे टाकल्या आणि पुढची तीस वर्षे भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने त्यांच्याच वंशातील इंजिने चालली. परवाना-नियंत्रणाच्या काळात नवा ट्रक पैसे भरूनही लगेच मिळत नसे. म्हणून हाती असलेला ट्रक वर्षानुवर्षे टिकवणे हाच धंदा होता. इंजिन उतरवून लाइनर-पिस्टन बदलणे, क्रँक घासून घेणे, पाटे पुन्हा बांधणे ही कामे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत होऊ लागली. दुरुस्तीचे असे विलक्षण कौशल्य देशात वाढले, पण त्याची दुसरी बाजूही होती. जे पुन्हा बांधता येते त्याची रोजची काळजी थोडी कमी घेतली तरी चालते, अशी समजूत त्यातून पक्की झाली.

या रोजच्या काळजीचा भार होता क्लीनरवर. मराठी मुलखात बोलताना ज्याला ‘किन्नर’ म्हणतात त्या पोराच्या शिक्षणाचा पहिला धडा ग्रीस गन असे. चालक झोपला असताना गाडीखाली शिरून निपल पुसायचे, गन लावायची, डीपस्टिक पाहायची, हबला हात लावून तापमान अजमावायचे, टायरवर हातोडी ठोकून हवा ऐकायची. पुढे तोच चालक होई आणि गाडीचा प्रत्येक सांधा त्याला हाताने ठाऊक असे. देशातील बहुसंख्य ट्रक आजही एक-दोन किंवा मोजक्या गाड्या असणाऱ्या लहान मालकांचे आहेत. भाडे मिळेल तेव्हा निघायचे असल्याने ठरल्या तारखेला गाडी उभी करणे त्यांना जमत नाही. त्यांच्यात देखभाल कॅलेंडरपेक्षा हंगामाशी बांधली गेली. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणारे ट्रक गळीत हंगामाआधी गॅरेजला लागतात, कारण कारखाना सुरू झाला की चार-पाच महिने गाडी थांबवता येत नाही. दसऱ्याला वाहनाची पूजा होते, आणि त्याआधी गाडी धुऊन, तळापासून ग्रीस करून, रंग ठीकठाक करण्याची रीत आहे. या रीतीत वर्षातून एकदा होणारी सर्वांगीण तपासणी दडलेली आहे आणि ती पाळणाऱ्यांनी तिचा फायदा पाहिलेला आहे.

वेळापत्रकाची खरी संस्था उभी राहिली ती मोठ्या ताफ्यांमध्ये. महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. ती ट्रक नव्हती, पण त्या काळी बसचा सांगाडा आणि ट्रकचा सांगाडा जवळपास एकच होता. आगारातली रोजची तपासणी, ठरावीक किलोमीटरनंतरचे ग्रीसिंग आणि ऑइल बदल, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत मोठी दुरुस्ती, या रचनेत प्रत्येक गाडीची नोंदवही असे. गावातल्या मेकॅनिकांपैकी अनेकजण एस.टी.च्या आगारात शिकलेले किंवा तिथून निवृत्त झालेले असत. ट्रकच्या गॅरेजमध्ये किलोमीटरचा हिशेब पोहोचला त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे, आणि त्याची नोंद फारशी झालेली नाही.

इंजिन ऑइलचा इतिहास याच्या समांतर चालला. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा काजळीच्या थराने चिकटून बसत होत्या. त्यावर उपाय म्हणून तेलात काजळी धुऊन तरंगती ठेवणारी रसायने मिसळण्यात आली. या तेलाने जुन्या चालकांचा गोंधळ उडाला. आधी काळे तेल म्हणजे संपलेले तेल अशी खूण होती. नव्या तेलाचे काम काजळी अंगावर घेण्याचे असल्याने ते घातल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, आणि ते काळे होणे चांगले. बोटावर घासून रंग पाहण्याची सवय मात्र अनेक पिढ्या टिकली आणि चांगले तेल वेळेआधी फेकले गेले किंवा वाईट तेल उगाच ठेवले गेले. देशी कंपन्यांपैकी इंडियन ऑइलने १९७२ मध्ये सर्वो ही मालिका आणली. त्याच दशकात एस्सो आणि बर्मा-शेल या विदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि तेलविक्री मुख्यतः सार्वजनिक कंपन्यांच्या हाती आली. १९९० च्या दशकात वंगणाचा बाजार खुला झाला आणि तालुक्याच्या दुकानातही वेगवेगळ्या दर्जांच्या डब्यांची रांग दिसू लागली.

तेल बदलण्याचे अंतर कमी ठेवावे लागे त्यामागे भारतात आणखी एक कारण होते, डिझेलमधील गंधक. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असे. गंधक जळून त्याचे आम्ल बनते आणि तेलातली क्षारता ते आम्ल मारण्यात खर्च होते. क्षारता संपली की आम्ल लाइनर आणि बेअरिंग खाऊ लागते. तेल अजून घट्ट आणि गुळगुळीत वाटत असूनही ते निकामी झालेले असू शकते, आणि हे बोटाने कळत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे रेल्वेने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनाच्या तेलात मिसळलेले धातूचे सूक्ष्म अंश प्रयोगशाळेत मोजून झीज ओळखायला सुरुवात केली होती. ताफ्याच्या ट्रकांपर्यंत ही तपासणी फार उशिरा आली. भारतात गंधक टप्प्याटप्प्याने उतरले. एप्रिल २०१७ मध्ये देशभर भारत स्टेज ४ या उत्सर्जन मानकाचे ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) गंधकाचे आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे १० पीपीएम डिझेल मिळू लागले. तेलबदलाच्या अंतरात झालेली मोठी वाढ चांगल्या तेलाइतकीच या स्वच्छ इंधनाची देणगी आहे.

कायद्याचा हात या विषयात उशिरा आणि थोडाच पोहोचला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागू केले आणि १९८८ च्या कायद्याने ते पुढे चालवले. नव्या ट्रकचे प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. २०१८ पासून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर हे त्यात पाहिले जाते, पण वर्षभर निपलना ग्रीस गेले की नाही हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील केंद्रीय नियमांत मात्र व्यावसायिक ट्रकला नीट वंगण दिलेले असावे आणि तेल-ग्रीसची गळती नसावी हे वेगळ्या कलमाने सांगितलेले आहे, आणि देखभालीच्या नोंदी ठेवणे वाहतूकदारावर बंधनकारक आहे. नोंद ठेवण्याची सक्ती क्षुल्लक वाटते, तरी ताफ्याची शिस्त बरीचशी तिच्यावर उभी असते, कारण नोंद असली की चुकलेली पाळी दिसते.

भारत स्टेज ६ च्या ट्रकमध्ये धूर गाळणारे आणि युरियाच्या द्रवावर चालणारे भाग बसवलेले आहेत. तेल जळून राहणारी राख या गाळण्यांत अडकते, म्हणून अशा इंजिनांना कमी राखेचे तेल लागते आणि जुन्या डब्यातले तेल टाकणे महागात पडते. उत्पादक आता लाखभर किलोमीटरच्या आसपास अंतरे सांगतात. गाडीतले यंत्र भार, वेग आणि तापमान मोजून तेल केव्हा बदलावे ते मालकाच्या फोनवर कळवते. हबची बेअरिंगे बंदिस्त येतात आणि काही महागड्या गाड्यांत ग्रीस आपोआप पुरवणारी नळ्यांची रचना असते. कळंबोली किंवा निगडीच्या ट्रक टर्मिनलवर उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांच्या खाली मात्र पाट्यांचे पिन, किंगपिन आणि क्रॉस यांना निपल आहेतच. त्यांना ग्रीस देण्याचे अंतर भार आणि रस्त्यानुसार पुस्तिकेत काही हजार किलोमीटर असते. खाणीच्या, उसाच्या किंवा बांधकामाच्या गाडीला ते तिथल्या धुळीने आणि चिखलाने निम्म्यावर येते.